हुंकारा देणारी

श्रावण लागला की माझ्या घशात एक ‘हूं’ येऊन बसतो. सत्तरी उलटली, दात गेले, ऐकायला कमी येतं, पण तो काही जात नाही. मी बीडला पुतण्याकडे राहते. खिडकीशी माझी खाट आहे. सोमवारी दिवेलागणीच्या आधी पुतण्याची सून कुंदा कहाणीचं छापील पुस्तक घेऊन देवापुढे बसते. मुठीत चार तांदूळ, एक कान स्वयंपाकघरातल्या कुकरकडे, आणि तोंडाने वाचन सुरू. गिरणीतून पीठ पडावं तशी तिची कहाणी पडत असते. पहिलं वाक्य संपतं आणि माझ्या तोंडून निघून जातं, “हूं.” कुंदा लगेच थांबते. “आजी, पाणी हवंय?” म्हणून विचारते. मी म्हणते, “काही नको, वाच तू.” बिचारीचा काही दोष नाही. पुस्तकाला हुंकारा लागत नाही. तो लागायचा तोंडाने सांगणाऱ्या माणसाला.

माझे वडील नगरकडचे पुराणिक. चातुर्मासात देवळात पुराण सांगायचे आणि घरी संध्याकाळी आम्हा भावंडांना गोष्ट. सांगणाऱ्याच्या समोर एकाने बसायचं आणि वाक्य पुरं झालं की ‘हूं’ म्हणायचं, हा आमच्या घरचा नेम. हुंकाऱ्यावाचून गोष्ट सांगू नये, सांगणारा वाट चुकतो, असं ते म्हणत. ते काम माझ्याकडे होतं. हुंकारा अगोदर दिला तर ते डोळे वटारत. उशिरा दिला तर गोष्ट तिथेच धरून वाट बघत राहत. पुढे दोघा भावांना त्यांनी पुराण शिकवायला घेतलं. दोघेही पुढचं पाठ, मागचं सपाट. मी आतल्या दाराशी बसून सगळं ऐकत होते. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, राणी रडायला लागली की आपण स्वतः का रडायचं नाही, हे सगळं मला येत होतं. पण मुलीला व्यासपीठावर कोण बसवतो? इतकं शिकून माझ्या वाट्याला आलं ते एवढंच, ‘हूं’. याचा मला तेव्हाही राग होता आणि आताही आहे. वय झालं म्हणून राग निवतो असं म्हणतात, ते खोटं आहे.

लग्न होऊन मी निजामाच्या मुलखात आले. हे पाटोद्याच्या तहसील कचेरीत कारकून. कचेरीचं सगळं काम उर्दूत चालायचं, सुट्टी शुक्रवारची. शुक्रवार सोडला तर दिवसभर मी आणि ते दोन खणांचं घर. पोरबाळ नव्हतं. कारकुनाच्या बायकोने विनाकारण गावात हिंडू नये अशी रीत होती, आणि मला सापडेल असं कारणच नव्हतं. बालाघाटातला श्रावण तर माणसाला आणखीच घरात कोंडतो. ढग डोंगरावरून खाली येतात आणि जायचं विसरतात. पाऊस असा पडत नाही की एकदाचा पडून मोकळा व्हावा. नुसती भुरभुर. लुगडी वाळायची नाहीत, पिठाला वास यायचा, परसातल्या फरशीवर शेवाळ धरायचं. परसाच्या डाव्या भिंतीपलीकडे हुसेनबी राहायची, पिंजाऱ्याची बायको. मागच्या भिंतीपलीकडे हातभर बोळ आणि त्याला लागून महादेवाचं देऊळ. देवळातलं कुजबुजलेलंसुद्धा आमच्या परसात ऐकू यायचं. उजव्या भिंतीपलीकडे नुसतं ओसाड पडकं घर. माझ्या जगाच्या तीन भिंती ह्या अशा होत्या. चौथ्या बाजूला दार होतं, पण ते यांच्या जाण्यायेण्यासाठी.

त्या दारातून एकच बाहेरचं माणूस रोज यायचं. ती सारजा, देवळाच्या गुरवाची बहीण. नवऱ्याने काडीमोड देऊन माहेरी पाठवलेली, बावीस-तेवीस वर्षांची. सकाळी बेल टाकायला यायची आणि दुपारी पळसाच्या पानांचा भारा घेऊन आमच्या मागल्या पडवीत पत्रावळी लावत बसायची, कारण तिच्या घरचं छप्पर गळायचं. सारजा तोतरी होती. तोतरी म्हणजे एखाद्या शब्दाला अडखळणारी नव्हे. बोलायला तोंड उघडलं की मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, डोळे मिटायचे, ओठ थरथरायचे आणि शब्द काही यायचा नाही. समोरचा माणूस कनवाळू असला तर तिचं वाक्य आपणच पुरं करायचा. नसला तर निघून जायचा. सासरहून परत का पाठवली असं विचारलं की गावात सांगत, बुद्धीने कमी आहे, सांगितलं एक की करते दुसरंच. मी तिला कधी विचारलं नाही. विचारून काय उपयोग, सांगायला तिला दुपार पुरली नसती, असं मला वाटायचं.

पण मी एक गोष्ट पाहिली होती. पत्रावळी लावताना ती गुणगुणायची तेव्हा जीभ कुठेच अडकत नसे. आमच्या गाईच्या वासराशी बोलायची, तेही सरळ.

त्या देवळाची एक चाल होती. श्रावणी सोमवारी गावातल्या बायकांना कहाणी सांगायचा मान गुरवाच्या घरातल्या बाईचा. नंदीपाशी बसून तिने सांगायचं, बायकांनी मुठीत तांदूळ धरून ऐकायचं आणि मग घरी जाऊन उपास सोडायचा. कहाणी ऐकल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. चांगली सांगणारी असली की तिचं नाव पंचक्रोशीत व्हायचं. उत्सवाला, व्रताच्या उद्यापनाला गावोगावाहून बैलगाडी यायची तिला न्यायला. सारजेची आत्या अशी नावाजलेली होती. ती त्या वैशाखात वारली. सारजेचा भाऊ नागू, त्याच्या बायकोला दोन वाक्यं धड जोडता यायची नाहीत. उरली सारजा.

नागूने ही अडचण आमच्या ओसरीवर बसून यांना सांगितली. “ह्या श्रावनात आमच्या घरचं कुनी न्हाई बसलं, तर मान कडा गावच्या गुरवाकडं जातोय साहेब. पंचानी सांगितलंय.” मग जरा खुशीत येऊन म्हणाला, “पर सारजाची सोय झाली बगा. आष्टीकडचा एक बिजवर हाय. पाच लेकरं हायत त्याला. पाट लावून देतो. मी त्याला आदीच सांगितलं, बाई बोलत न्हाई. तर म्हनला, न बोलनारी आसंल तर बरंच हाय की!”

नागू हसला. हेही थोडं हसले. मी दाराआड उभी होते. पडवीत सारजाच्या हातातली पत्रावळ थांबली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि शिरा ताणून ताणून तीन शब्द बाहेर काढले. “म... मी बसते कहानीला.” मला हसू आलं असतं, पण तिचा चेहरा पाहून आलं नाही. मग ती म्हणाली, “तुमी शिकवा.”

माझ्या आयुष्यात मला कुणी काही शिकव म्हटलेलं ते पहिलंच. मी नाही कसं म्हणणार?

ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. रोज दुपारी पानं टाचता टाचता आमची शिकवणी चाले. आधी मी तिला जात्यावर बसवून बोलायला लावलं. जात्याच्या फेऱ्यावर शब्द यायचे, पण जातं थांबलं की जीभही थांबायची, आणि देवळात जातं कुठून आणणार? मग मला वडिलांचा नेम आठवला. मी समोर बसले आणि हुंकारा द्यायला लागले. आणि काय सांगू, गाडी चालू लागली! कुणीतरी पुढचा शब्द ऐकायला बसलं आहे, एवढ्यानेच तिची मान थोडी सैल व्हायची. ज्या शब्दाला ती अडकायची, तो मी कहाणीतून काढून टाकायची. ‘तळं’ जमेना, विहीर केली. ‘मंत्री’ जमेना, प्रधान केला. तरी अडकलीच तर मी हुंकाऱ्याला जोडून पुढचं बोट द्यायची, “हूं, मग राजा शिकारीला गेला?” आणि ती मान हलवून पुढे चालायची. माझ्या वडिलांची कहाणी, माझे थांबे, माझे चढउतार, सगळं तिच्या तोंडात बसत होतं. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

मधेच एके दिवशी ती पान बाजूला ठेवून म्हणाली, “वैनी, म... मला येक कहानी सांगायचीय. म्हाजी.”

“ती नंतर,” मी म्हटलं. “आधी ही पक्की बसू दे.”

तिने पान पुन्हा उचललं. तो विषय तिथेच राहिला.

पहिल्या सोमवारी मी तिच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले. देवळात ओल्या लुगड्यांचा, बेलाचा आणि तेलाच्या वातीचा वास. पन्नास-साठ बायका, सगळ्या उपाशी, लेकरं मांडीवर. सारजाचा घसा हलताना मला दिसत होता. मी हुंकारा दिला आणि ती सुरू झाली. चार ठिकाणी मी हात दिला. कुणाला फारसं कळलं नाही. दुसऱ्या सोमवारी आठ ठिकाणी दिला. तिसऱ्या सोमवारी किती ठिकाणी दिला ते मला आठवत नाही, पण बायका घरी जाताना माझ्या पाया पडल्या. “वैनी, मुकीला बोलती केली तुमी!” पाटलीणबाई म्हणाल्या. मी घरी आले ती जमिनीवर पाय नव्हते. नागूसुद्धा जरा विचारात पडला होता. “चवथा सोमवार निभला तर पंच मान हितंच ठिवतेत म्हनं,” असं तो यांना सांगून गेला. तोवर बिजवराला त्याने थांबवून धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी हुसेनबी भिंतीवरून डोकावली. तिने दोन महिने आमची शिकवणी फुकटात ऐकली होती. मी मोठ्या ऐटीत विचारलं, “कशी काय वाटते आमची सारजा?”

हुसेनबीने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. “बुरा नै मानना वैनी,” ती म्हणाली, “कहानी तो तुम बोल रै. वो तो बस मुंडी हिला री.”

मला तिचा इतका राग आला की मी दोन दिवस भिंतीकडे फिरकले नाही. पिंजाऱ्याच्या बायकोला काय कळतं पुराणातलं, असंही मनात म्हटलं. राग खऱ्याचाच येतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आणि मग रविवारी सकाळी मी बाजूला बसले. आजच्या मुलींना हे सांगावं लागतं. महिन्याचे ते तीन दिवस आम्ही कशाला शिवत नसू. परसाच्या कोपऱ्यात एक घोंगडी, एक तांब्या, वरून वाढलेली भाकरी. देवळात जाण्याचा तर विचारच नाही. माझा हिशेब बुधवारचा होता. अंग हिशेबाने चालत नाही. घोंगडीवर बसल्या बसल्या मला रडू कोसळलं. चौथा सोमवार दुसऱ्याच दिवशी होता.

सारजा भारा घेऊन आली आणि मला कोपऱ्यात बघून लांबच उभी राहिली. तिला सगळं समजलं. मी म्हटलं, “उद्या तू बसू नकोस. ताप आलाय म्हणून सांग.”

तिने मान हलवली. नाही.

“अगं, एकटीला जमणार नाही तुला! सगळ्यांसमोर अडकलीस तर मान तर जाईलच, वर हसं होईल.”

पुन्हा नाही.

“मग मी येते,” मी आवाज खाली आणून म्हटलं. “कुणाला कळतंय? शेवटी बसेन, भिंतीशी.” हे मी बोलले. पुराणिकाची मुलगी, असं बोलले. देवाची भीती वाटली नाही असं नाही, पण ती मागे पडली होती.

सारजाने भारा खाली ठेवला. मग म्हणाली, “न्हाई.” तो शब्द जराही अडकला नाही.

सोमवारी हे लवकर आले, पिठलं केलं, करपवलं, मला लांबून वाढलं आणि बाहेर गेले. भुरभुर चालूच होती. मी घोंगडी ओढत मागच्या भिंतीशी नेली. देवळातल्या घंटेचा आवाज, बायकांच्या बांगड्या, एखादं रडणारं मूल, सगळं येत होतं. मग सगळं शांत झालं. सारजा बसली असणार.

काहीच ऐकू येईना. मी माझे श्वास मोजायला लागले. मग तेही सोडले. पलीकडे ती शिरा ताणून बसली असेल, डोळे मिटले असतील, पन्नास उपाशी बायका तिच्या तोंडाकडे बघत असतील. कुणीतरी खोकलं. कुणाच्या तरी लेकराने भाकरी मागितली, आईने त्याला गप्प केलं. मला सोसवेना. ती तिथे अडकली होती आणि मी इथे, आणि मधे एक हातभर बोळ. पहिलं वाक्य मला पाठ होतं. माझंच होतं ते. मी उभी राहिले, भिंतीला तोंड लावलं आणि मोठ्याने म्हटलं, “हूं! मग नगरात एक राजा होता?”

देवळात खसखस पिकली. ती थांबायच्या आत सारजाचा आवाज आला. तुटक, पण खणखणीत.

“वैनी, म... मधी बोलू नगा.”

माझ्या कानशिलात कुणी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी खाली बसले. सगळ्या गावाच्या बायकांनी ते ऐकलं होतं. लाज आणि संताप, दोन्हींनी अंग तापलं. मनात आलं, आता पडू दे हिला तोंडावर. हो, आलं मनात. लपवून काय करू?

मग ती सांगायला लागली, आणि ती माझी कहाणी नव्हती.

“येक सून हुती,” सारजा म्हणाली. “तिला सासूनं सांगितलं, दुकानातून...” आणि इथे ती थांबली. इतकी थांबली की पागोळ्यांचा आवाज मोजून घ्यावा. “...त... त्येल आन. सून गेली. वान्यापशी हुबी ऱ्हायली. तिला त्येल म्हनता येईना. मागं मानसं खोळांबली. वानी वरडला, काय पायजे गं? तिच्या तोंडातून गूळ आला. गूळ म्हनता येत हुतं तिला. ती गूळ घिऊन घरी आली. सासूनं मारलं. दुसऱ्या दिशी म... मीठ आनाया धाडलं. ती डाळ घिऊन आली. नवऱ्यानं मारलं. समदी म्हनली, हिला समजत न्हाई.” पुन्हा थांबली. “तिला समजत हुतं.”

मी भिंतीला पाठ लावून बसले होते आणि माझ्या डोळ्यांपुढे ते दोन महिने उभे राहिले. तळ्याची विहीर, मंत्र्याचा प्रधान. तिला जे म्हणता येत नाही ते मी काढून टाकत गेले होते, आणि तिला नेमकं तेच म्हणायचं होतं.

“मंग तिला घालवून दिली,” सारजा सांगत होती. “ती म... महादेवाच्या देवळात गेली. महादेव म्हनला, बाई, काय पायजे तुला? तिनं तोंड उघडलं. शबूद येईना. दिवस कलला. येईना. गुरव दिवा लावून गेला. येईना. महादेव थांबला. त्यो म्हनला न्हाई की तुला ह्ये पायजे का त्ये पायजे. त्यो थांबला. आन मंग तिनं सांगितलं.”

काय सांगितलं, ते सारजाने सांगितलं नाही. कहाणी तिथेच संपली. नेहमीच्या कहाणीच्या चौपट वेळ लागला होता. बाहेर अंधारून आलं होतं.

बायका देवळातून परत जायला लागल्या तसं त्यांचं बोलणं मला ऐकू यायला लागलं. “लई येळ लावला बाई हिनं, माजं तर प्वाट पाठीला लागलं.” “मंग उटून जायाचं हुतं की!” “कशापायी जाऊ? फुडं काय हुतंय ते कळाया नगं?” मग पाटलीणबाईंचा जाडा आवाज आला, “नाग्या, फुडल्या सालीबी हीच बसंल. पंचास्नी माझं नाव सांग.” त्यानंतर सगळ्यांची पावलं लांब गेली आणि मी अंधारात एकटी उरले. आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू, खूप झाला होता. पण त्या आनंदात बसायला मला जागा नव्हती.

चौथ्या दिवशी न्हाऊन घरात आले तर सारजा पडवीत पानं निवडत होती, जणू काही झालंच नाही. मी तिला चहा दिला. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “राग आला का?”

“आला,” मी म्हटलं.

“म... मला बी आलता,” ती म्हणाली. “तिन्ही सोमवारी.”

मग आम्ही दोघी हसलो. त्या हसण्यात मला थोडं रडू मिसळल्यासारखं झालं, पण तिला ते दिसू दिलं नाही. बिजवराला नकार गेला होता. नागू तोंड वाकडं करून का होईना, बहिणीला मानाने हाक मारायला लागला होता. तिला मी विचारलं, “त्या सुनेने महादेवाला काय मागितलं गं?” सारजाने पान काडीने टाचलं. “त... ते न्हाई सांगनार,” म्हणाली. मीही पुन्हा विचारलं नाही. तिचं वाक्य आपल्या मनाने पुरं करण्याची खोड मी तेव्हापासून सोडायचा प्रयत्न करत आहे. अजून पुरती सुटली नाही.

भाद्रपदात मूग घरात आले, डोंगरावर सीताफळांचे डोळे उघडायला लागले आणि यांच्या बदलीचा हुकूम आला. निजामाची नोकरी, हुकूम आला की बिछाना गुंडाळायचा. दुसरं गाव, दुसऱ्या तीन भिंती. त्या घरामागे देऊळ नव्हतं, म्हणून मला तिथे जास्त कोंडल्यासारखं व्हायचं. सारजेला ज्या गाडीत बसून गावोगाव जायला मिळणार होतं ती गाडी मला कधीच मिळाली नाही, याचा हेवा मी कित्येक वर्षं केला. शिष्येचा हेवा करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना शिष्य झालेले नसतात.

एकदा, बऱ्याच वर्षांनी, परळीला एका लग्नात माझ्या पंगतीला धर्मापुरीकडची एक शेतकरीण बसली होती. श्रावण जवळ आला होता, बोलण्यावरून बोलणं निघालं. “आमच्याकडं दर श्रावनात पाटोद्याकडची येक कहानीवाली येती,” ती सांगायला लागली. “गाडी धाडतेत तिला आनाया. काय सांगती म्हनून सांगू! सांगता सांगता थांबती. लई थांबती. आमी समद्या दम धरून बसतो. ती थांबली की समजायचं, आता कायतर मोठं यायलंय.”

माझा घास हातातच राहिला. मी विचारलं, “हुंकारा कोण देतं तिला?”

“कुनीच न्हाई,” ती म्हणाली. “देऊ देत न्हाई ती. बसल्या बसल्या आदी त्येच सांगती. म्हनती, मला शिकवनारी येक वैनी हुती पाटोद्याला, लई जीव हुता तिचा माझ्यावर. तिला सुदिक मी देऊ दिला न्हाई, तर तुमाला कशी देऊ देईन?”

पंगतीत वाढपी ओरडत होते, भात आला, आमटी आली. मी त्या बाईला म्हटलं, “अजून सांग तिचं.” आणि ती सांगायला लागली तशी तोंड मिटून बसून राहिले.